शहागंजचं चायनीज : भीती अजिनोमोटोची, धोका भलतीकडेच

पगार झालेला असतो, लेकरांनी दोन दिवसांपासून भुणभुण लावलेली असते आणि घरात स्वयंपाकाचा कंटाळा आलेला असतो. अशा संध्याकाळी आपल्या वस्त्यांमधल्या घराघरांत आता एकच ठराव पास होतो, “चला, चायनीज खाऊ!” शहागंजात कपडे, चपला, भांडी यांची खरेदी उरकली, की घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून पाय आपोआप त्या आवाजाकडे वळतात. मोठ्या शेगडीचा भसभसाट, लोखंडी कढईवर आपटणारा झारा, मिरची-लसणाचा ठसका. बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आत सहा टेबलं आणि भिंतीवर यादी : मंचाव सूप, हाक्का नूडल्स, शेजवान राईस, ट्रिपल, मंचुरियन, लॉलीपॉप. नान-खलियासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या या शहरात नूडल्सही आता तितक्याच घरच्या झाल्या आहेत.

आरोग्य शिबिरात बी.पी. मोजायला बसलं, की आया-बहिणी हमखास दोन प्रश्न विचारतात. “ताई, चायनीजनं कॅन्सर होतो का?” आणि “त्यातला अजिनोमोटो विषारी असतो ना?” दोन्ही प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या घरात महिन्यातून दोन-तीनदा चायनीज खाल्लं जातंच. म्हणजे भीतीही आहे आणि खाणंही चालू आहे. ‘खाऊ नका’ एवढं सांगून उपयोग होत नाही, हे इतक्या वर्षांच्या कामात मला कळलं आहे. त्यापेक्षा त्या प्लेटमध्ये काय असतं, त्यातलं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे नीट समजून घेऊ.

टेबलावर बसून खाण्याचा हक्क

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बाहेर जाऊन, खुर्चीवर बसून, पैसे देऊन चार माणसांत जेवणं याला मी चैन म्हणून नावं ठेवणार नाही. आपल्या आज्या-आजोबांना गावातल्या हॉटेलाबाहेर उभं राहून, वेगळ्या ठेवलेल्या कपबशीत चहा घ्यावा लागत होता आणि ती कपबशी स्वतःच धुऊन ठेवावी लागत होती. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा उल्लेख नावानिशी आहे. तिथं जातीवरून, धर्मावरून कोणाला अडवता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. पुढे 1955 च्या कायद्यानं, अस्पृश्य म्हणून हॉटेलात प्रवेश नाकारणं किंवा तिथली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरला. आज शहागंजात तुमची पोरगी खुर्ची ओढून बसते आणि “भैया, एक शेजवान” असं बिनधास्त सांगते. त्या बिनधास्तपणाची किंमत कोणीतरी आधी मोजलेली आहे. म्हणून टेबलावर बसायचंच. फक्त समोर काय येतंय, हे ओळखून बसायचं.

‘हाक्का’ म्हणजे कोण?

नूडल्सच्या नावातलं ‘हाक्का’ हे चीनमधल्या एका समाजाचं नाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक कोलकात्यात येऊन राहू लागले. त्यांच्यातल्या हाक्का लोकांनी शहराच्या पूर्वेला टांगरा भागात कातडं कमावण्याचे कारखाने काढले. तो धंदाच का? कारण सवर्णांनी कातड्याचं काम विटाळाचं ठरवलं होतं आणि ते त्यापासून लांब राहत होते. ती मोकळी जागा हाक्कांनी घेतली. त्यांच्या कारखान्यांत कामाला मोठ्या संख्येनं बिहारकडचे चर्मकार बांधव होते. म्हणजे ज्या मोहल्ल्यानं देशाला हे खाणं दिलं, तो मोहल्ला कातड्याच्या वासात, समाजानं दूर ठेवलेल्या दोन प्रकारच्या माणसांच्या घामावर उभा राहिला.

1962 च्या भारत-चीन युद्धात याच भारतीय चिनी लोकांवर संशय घेतला गेला. सुमारे 3000 जणांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन डांबलं. त्यात म्हातारी माणसं आणि लेकरंही होती. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणामुळे टांगऱ्यातले चर्मोद्योग शहराबाहेर हलवायला सांगितलं. तिथली खानावळवजा हॉटेलं आधीपासून नावाजलेली होतीच. आता तीच टांगऱ्याची मुख्य ओळख झाली.

आणि मंचुरियन? मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश, पण आपलं मंचुरियन तिथं कोणी ओळखणार नाही. कोलकात्यात जन्मलेले स्वयंपाकी नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून पहिलं चिकन मंचुरियन केलं, असं सांगितलं जातं. आलं-लसूण-मिरची हे तर आपलंच वाटण. म्हणून ते आपल्या जिभेला एवढं पटकन आवडलं. हे खाणं परदेशातून आलेलं आक्रमण वगैरे काही नाही. इथल्याच कष्टकरी माणसांनी इथल्याच चवीवर बेतलेलं ते जेवण आहे.

अजिनोमोटोचं भूत

आता त्या पांढऱ्या, साखरेसारख्या चमकणाऱ्या पावडरीकडे येऊ. 1908 मध्ये किकुनाए इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या सुपातून तिचा शोध लावला. पुढच्याच वर्षी ती ‘अजिनोमोटो’ या नावानं बाजारात आली. या शब्दाचा अर्थ ‘चवीचं मूळ’ असा आहे. शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. यातला ग्लुटामेट टोमॅटोत असतो, मशरूममध्ये असतो, चीजमध्ये असतो आणि आईच्या दुधातही असतो. आज ही पावडर उसाची मळी, टॅपिओका अशा पदार्थांपासून आंबवण्याच्या प्रक्रियेनं बनते.

मग हिची एवढी बदनामी कशी झाली? 1968 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट हो मॅन क्वॉक या डॉक्टरांनी तिथल्या एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर आपल्याला मानेत बधिरपणा आणि धडधड जाणवते, असं त्यांनी कळवलं. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली दारू असेल, अजिनोमोटो असेल किंवा जास्तीचं मीठ असेल, असे अंदाज त्यात होते. पण पुढे या तक्रारीला थेट ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ असं नाव पडलं आणि सगळं खापर अजिनोमोटोवर, पर्यायानं चिनी स्वयंपाकघरावर फुटलं. त्यानंतर कितीतरी चाचण्या झाल्या. खाणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही माहीत नाही, की कोणाच्या खाण्यात अजिनोमोटो आहे, अशा पद्धतीच्या. नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यावर त्रास होतोच, असं त्यात सिद्ध झालं नाही. रिकाम्या पोटी 3 ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास काही थोड्या लोकांना डोकं दुखणं, तोंडावर गरम वाटणं असा तात्पुरता त्रास होऊ शकतो. कॅन्सरशी त्याचा संबंध दाखवणारा पुरावा नाही.

याचा अर्थ पोराच्या ताटात चमचाभर अजिनोमोटो घाला, असा नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हे देऊच नये. आपल्याकडे तशी सूचना पाकिटावर छापावी लागते. ज्याला खाल्ल्यावर खरंच डोकेदुखी होते, त्यानं “अजिनोमोटो मत डालो” असं सांगावं. गाडीवाला ऐकतो. पण एक गोष्ट आपण तरी ओळखायला हवी. एखाद्या समाजाच्या हातचं अन्न तपासणी न करताच घाण, विषारी ठरवून टाकायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्या हातच्या पाण्याबाबत पिढ्यान्‌पिढ्या हेच झालं. आणि गंमत बघा, हाच पदार्थ चिप्सच्या आणि सुपाच्या पाकिटांत असतो, तेव्हा कोणाचं डोकं दुखत नाही.

अजिनोमोटोला घाबरण्याचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे खऱ्या धोक्यांकडे आपलं लक्षच जात नाही. ते धोके पाच आहेत : मीठ, भात, रंग, तेल आणि पाणी.

पहिला धोका : मीठ

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, तोही सकाळच्या चहासोबतच्या खारीपासून रात्रीच्या भाजीपर्यंत सगळं धरून. आपण भारतीय सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास खातो.

आता चायनीजच्या प्लेटचा हिशेब करू. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण सव्वादोन ग्रॅम मिठाएवढं सोडियम असतं. समजा, तुमच्या फ्राईड राईसमध्ये एक मोठा चमचा सोया सॉस पडला आणि वर अर्धा छोटा चमचा मीठ पडलं. दिवसाचा सगळा वाटा तिथंच संपला. शेजवान चटणीतलं मीठ वेगळं, मंचाव सुपातलं वेगळं. अजिनोमोटोतही सोडियम असतं, पण मिठाच्या तुलनेत एक तृतीयांशच्या आसपास. म्हणजे इथंही खरा गुन्हेगार मीठ आणि सोया सॉसच आहे.

आपल्या घरांत हे का महत्त्वाचं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 15 वर्षांवरच्या 100 बायांपैकी 21 आणि 100 पुरुषांपैकी 24 जणांचं बी.पी. वाढलेलं आहे किंवा ते त्यावर गोळी घेत आहेत. बी.पी. दुखत नाही, खुपत नाही. माणूस वाळूजला, शेंद्र्याला शिफ्ट करत राहतो आणि एक दिवस तोंड वाकडं होऊन घाटीत दाखल होतो. घाटीत नातेवाइकांना विचारावं तर म्हणतात, “काही त्रास नव्हता हो, सिस्टर.” त्रास नव्हता, कारण मोजलंच नव्हतं.

म्हणून बी.पी. असणारे, किडनीचा आजार असणारे, हृदयरोगी आणि पायाला सूज किंवा बी.पी. वाढलेल्या गरोदर बाया यांनी चायनीज टाळावं. अगदीच मन झालं तर एखाद-दोन घास, तेही सूप आणि चटणी सोडून. बाकीच्यांनी ऑर्डर देतानाच सांगावं, “नमक कम, सोया सॉस कम.” टेबलावरची सोया सॉसची बाटली लेकरांच्या हातात देऊ नये.

दुसरा धोका : दुपारचा भात

फ्राईड राईस गरम, ताज्या भाताचा होत नाही. चिकट होतो, गोळे होतात. म्हणून भात आधीच शिजवून गार करून ठेवतात आणि रात्री ग्राहक आला की कढईत परततात. अडचण या मधल्या वेळेत आहे.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. साध्या उकळण्यानं ते मरत नाहीत. शिजलेला भात उकाड्यात तसाच पडून राहिला, की ते जागे होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. त्या विषाचा गुण असा, की भात परत कितीही कडक परतला तरी ते नाश पावत नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. 1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राईड राईसमुळे लोक आजारी पडले, तेव्हा हा प्रकार डॉक्टरांच्या नीट लक्षात आला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. दुपारी शिजवलेला भात झाकणाखाली गरमच पातेल्यात राहिला, तर जंतूंना यापेक्षा चांगली जागा नाही.

“पण ताई, एवढा कडक गरम होता!” असं म्हणून उलट्यांचं कारण भलतीकडेच शोधलं जातं. गरम असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, एवढं या एका बाबतीत लक्षात ठेवा. भात आज शिजवला का, कधी शिजवला, कुठं ठेवला, हे विचारा. पसरट ताटात पसरून लवकर गार केलेला आणि फ्रिजमध्ये ठेवलेला भात चालतो. रात्री उशिरा जाण्यापेक्षा संध्याकाळी लवकर जा. भाताची शंका आली तर नूडल्स घ्या. भाताला आंबूस वास आला तर पैसे गेले तरी चालतील, पण प्लेट परत करा. मात्र हे विष वासानं किंवा चवीनं नेहमी कळतंच असं नाही, म्हणून विचारणं महत्त्वाचं.

हाच नियम घरच्या फोडणीच्या भातालाही लागू होतो. रात्रीचा भात उन्हाळ्यात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी लेकराच्या डब्यात देऊ नका. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात भात बेतानंच शिजवा.

तिसरा धोका : लालभडक रंग

मंचुरियनचा आणि लॉलीपॉपचा तो भडक लाल रंग कुठल्याही मिरचीचा नसतो. 2024 च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनच्या गाड्यांना बंदी घातली. रंग आणि अस्वच्छता ही कारणं होती. त्यानंतर मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. तिथं तपासलेल्या नमुन्यांपैकी निम्म्याहून जास्त नमुन्यांत असे रंग सापडले होते. म्हातारीच्या केसांत, म्हणजे बुढ्ढी के बालमध्ये, तर रोडामाइन-बी सापडला. हा कपडे आणि कागद रंगवण्याचा रंग आहे. अन्नात त्याला कुठंही परवानगी नाही.

आपल्या देशात खाण्यात चालणारे कृत्रिम रंग मोजके आठ आहेत. तेही ठरावीक पदार्थांत, ठरावीक मापातच वापरता येतात. मंचुरियन किंवा तंदुरी त्या यादीत बसत नाही. पण गाडीवर माप कोण घेतं? पुडी उघडायची, चिमूट टाकायची.

ओळख सोपी आहे. मंचुरियन पांढऱ्या टिश्यूवर ठेवून बघा. तेलाचा तांबूस डाग मिरचीचाही पडतो, पण गडद गुलाबी-लाल डाग पसरला, बोटं धुऊनही रंग गेला नाही किंवा जीभ लाल झाली, तर समजून घ्या. पोरांना रंग बघून खायची सवय आपणच लावतो. “भैया, बिना कलर का” म्हणणारे चार ग्राहक रोज आले, तर पाचव्या दिवशी पुडी आपोआप कमी होते. ब्याडगी मिरचीनं पुरेसा रंग येतो.

चौथा धोका : तेच ते तेल

मंचुरियन आणि लॉलीपॉप तळलेले. भजी तळलेल्या तेलात सकाळ, चिकन तळलेल्या तेलात संध्याकाळ आणि उरलेल्या तेलात दुसरा दिवस. असं वारंवार तापवलेलं तेल फाटतं आणि त्यात शरीराला घातक घटक साठतात. 1 जुलै 2018 पासून यावर देशात नियम आहे. तेलातल्या अशा घटकांचं, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्सचं, प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही.

आपल्याकडे मोजायचं यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहे. तेल काळपट-दाट झालेलं, तापवताच धूर सोडणारं, वर चिवट फेस येणारं आणि खाल्ल्यावर घशाला खवखव देणारं असेल, तर तिथं तळलेलं खाऊ नका. त्याच हॉटेलात नूडल्स किंवा राईस परतून घेता येतो, त्याला थोडं ताजं तेल पुरतं. घरीही पापड-कुरडया तळून उरलेलं तेल बरणीत महिनाभर फिरवत ठेवू नका. ते एक-दोनदा भाजीच्या फोडणीत संपवा.

पाचवा धोका : ड्रमातलं पाणी

आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कित्येक वस्त्यांत तर दिवस मोजत बसावं लागतं. तीच गत गाडीवाल्याची. तो ड्रम भरून ठेवतो, त्यातच कोबी धुतो आणि एकाच बादलीत शंभर प्लेटा बुचकळतो. कढईतलं अन्न उकळून निघतं, पण वरून भुरभुरलेली कच्ची कोबी, कच्चा कांदा, पातळ चटणी आणि ओली प्लेट यांतून जुलाब, टायफॉईड, कावीळ घरी येते.

पावसाळ्यात वरची कच्ची कोबी नको म्हणून सांगा. चायनीज भेळेत सगळं गार आणि कच्चंच असतं, त्या दिवसांत ती टाळा. पिण्याचं पाणी घरून बाटलीत न्या. छापील कागदावर बांधलेलं पार्सल घेऊ नका, त्याची शाई अन्नात उतरते. गरम सूप पातळ पिशवीत बांधून आणण्यापेक्षा घरून स्टीलचा डबा न्या. शहागंजात भाजीला जाताना पिशवी नेतोच ना, तसाच डबा.

मग खायचं कसं?

निरोगी माणसानं महिन्यातून एक-दोनदा खाल्लं तर आभाळ कोसळत नाही. पण सोळा-सतरा वर्षांची पोरं क्लासवरून येताना रोज हाफ प्लेट मारतात आणि रात्री घरी जेवत नाहीत, ते नुकसानीचं आहे. मैदा, पांढरा भात, तेल आणि मीठ यांनी पोट भरतं, पण रक्त वाढत नाही. देशात 15 ते 49 वयाच्या 100 बायांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या पोरी त्यातच मोजल्या जातात. तेव्हा एवढं करा :

• एका माणसाला एक प्लेट मागवू नका. दोघांत एक घ्या आणि घरून थोडं खाऊन निघा.
• साध्या शेजवान राईसपेक्षा अंडा किंवा चिकन राईस, भाज्या जास्त घालून मागा. दहा-वीस रुपये जास्त जातील, पण एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात.
• चिकन आतून गुलाबी किंवा रक्ताळ दिसलं तर परत द्या.
• सूप, तळलेलं आणि शेजवान चटणी हे तिन्ही एकाच दिवशी नको. एकच निवडा.
• वर लिंबू पिळा. त्यानं मिठाची ओढ कमी होते आणि जेवणातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.
• मधुमेह असेल तर नूडल्स-राईस अर्ध्यावर आणा, भाजी आणि चिकन वाढवा. गोळी-इन्सुलिन चुकवू नका.

घरीही हे छान होतं. कोबी, गाजर, कांद्याची पात, सिमला मिरची उभी चिरून मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. दोन अंडी फोडा. शिजवून ताटात पसरून गार केलेला भात घाला. चार माणसांत दोन छोटे चमचे सोया सॉस पुरे, आणि मग वरून मीठ बेतानंच. मिरचीचा ठेचा आहेच. हॉटेलातल्या दोन प्लेटांच्या पैशात घर जेवतं.

उलट्या-जुलाब झालेच तर

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा. घोट-घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं सुरू करा. ओआरएसची पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळते. लहान लेकराला जुलाब असतील तर झिंकच्या गोळ्या 14 दिवस पूर्ण द्या. अंगावरचं दूध बंद करू नका. जुलाब थांबवायची गोळी दुकानातून आणून लेकराला देऊ नका.

शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही न टिकणं, लघवी कमी होणं, डोळे खोल जाणं, लेकरू मलूल पडणं यांपैकी एकही दिसलं तर वाट न बघता घाटी किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं, हे डॉक्टरांना नक्की सांगा. सोबत जेवलेले आणखी कोणी आजारी असतील तर तेही सांगा.

कढईमागचा माणूस

हे सगळं वाचून गाडीवाल्याशी भांडायला जाऊ नका. कढईमागे उभा असलेला माणूस बऱ्याचदा आपल्याच एखाद्या वस्तीतला असतो, किंवा पोटासाठी लांबून आलेला असतो. आठ-दहा तास आगीसमोर उभं राहून तो घर चालवतो. त्याला पाण्याचा नळ, कचऱ्याचा डबा आणि हक्काची जागा देणं हे महानगरपालिकेचं काम आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं शहर फेरीवाला समिती नेमायला आणि विक्रीच्या जागा ठरवायला सांगितलं आहे. गाडी उचलून नेणं सोपं असतं, नळ देणं अवघड. आपल्या वस्तीतल्या मंडळांनी आणि महिला बचत गटांनी निवेदन द्यायचं असेल, तर या नळासाठी द्यावं. त्याचा फायदा विकणाऱ्यालाही आहे आणि खाणाऱ्यालाही.

त्याच्याकडूनही काही अपेक्षा आहेत. अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या गाडीलाही नोंदणी करावी लागते. 14 आकडी नंबर मिळतो, तो समोर लावावा. 14 वर्षांखालचं पोर प्लेटा धुवायला ठेवणं हा गुन्हा आहे. तसं दिसलं तर गप्प बसू नका, ते लेकरू शाळेत असायला हवं. सांगूनही भेसळीचा रंग किंवा सडका माल चालूच असेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते.

बाकी पुढच्या वेळी शहागंजात खुर्ची ओढून बसलात, की ऑर्डर देण्याआधी चार प्रश्न शांतपणे विचारा : भात कधीचा? रंग घालता का? तेल आजचं आहे का? मीठ कमी कराल का? पैसे देणाऱ्याला विचारायचा हक्क असतो आणि विचारणाऱ्या ग्राहकाला चांगलं हॉटेल सांभाळून ठेवतं. उत्तर पटलं तर पोटभर खा. नाही पटलं, तर उठा आणि पुढच्या कढईकडे चला. आणि त्या आधी एकदा, घरातल्या 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचं बी.पी. जवळच्या आरोग्य केंद्रात मोजून घ्या. तिथं ते मोफत मोजतात.